वैयक्तिक प्राप्तिकर कंपनी करापेक्षा जास्त
कंपन्यांवर कर वाढवला तर गुंतवणूक पळेल, असं काहीजण म्हणतात. मग २०१९ मध्ये तो कमी केल्यावर करात कुणाचा वाटा वाढला ते बघा. त्या सप्टेंबरात सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला (अधिभार, उपकर धरून २५.१७). सरकारच्याच अंदाजानं वर्षाला १.४५ लाख कोटींचं पाणी सोडलं. २०१८-१९ मध्ये कंपनी कर वैयक्तिक प्राप्तिकरापेक्षा बराच जास्त होता. २०२३-२४ मध्ये निव्वळ कंपनी कर सुमारे ९.११ लाख कोटी आणि वैयक्तिक प्राप्तिकर (शेअर व्यवहारांवरचा कर धरून) १०.४४ लाख कोटी! लाभांशावर भागधारक वेगळा कर भरतो, मान्य. पण पगारदाराचा टीडीएस हातात पैसे पडण्याआधीच कापला जातो, वर बऱ्याच किराणा-औषधांवर जीएसटी. ह्याला करातला न्याय्य वाटा म्हणायला माझं मन तयार नाही.