अमेरिकी विद्यार्थ्यांचे बंदुकीविषयीचे मत घडते कुठे?

चर्चाप्रस्ताव
महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची बंदूक-नियंत्रणाविषयीची मते गोळीबाराच्या घटनांमुळे बनतात, असे सरसकट मानले जाते. मला ते पटत नाही. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यानंतर काहींनी शस्त्रविक्रीआधी कडक तपासणीची मागणी केली, तर काही विद्यार्थ्यांनी परवानाधारकांना आवारात पिस्तूल बाळगू द्यावे यासाठी देशव्यापी संघटनाच उभारली. एकाच घटनेतून असे परस्परविरोधी निष्कर्ष निघतात, कारण मताची दिशा घरात आधीच ठरलेली असते. ज्याने वडिलांबरोबर शिकारीला जाऊन शस्त्र हाताळण्याची शिस्त शिकून घेतली आणि ज्याने बंदूक फक्त बातम्यांतच पाहिली, ते दोघे एकाच वर्गात बसले तरी एकसारखा विचार करणार नाहीत.

प्रतिसाद १ (असहमत)
आपण शाळेला फार कमी लेखत आहात. कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन शाळेच्या १९९९ मधील हत्याकांडानंतर शाळाशाळांत बचावाच्या कवायती रुजल्या, आणि दिवे मालवून, दार लावून, श्वास रोखून बसण्याचा सराव करतच ही पिढी वाढली. शिकारी घरांतली मुलेही त्याच वर्गांत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात तीन विद्यार्थ्यांचा बळी गेला, तेव्हा मिशिगनमधल्याच ऑक्सफर्ड गावच्या शाळेतील २०२१ च्या गोळीबारातून वाचलेले काही जण तिथे शिकत होते. विद्यार्थ्यांनी लान्सिंगमध्ये राज्य विधिमंडळाच्या इमारतीसमोर निदर्शने केली, आणि खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याचे व घरातली बंदूक कुलपात ठेवण्याचे कायदे त्याच वर्षी झाले.

प्रतिसाद २ (प्रस्तावाशी सहमत)
भीती खरी आहे, पण ती प्रत्येकाला नियंत्रणाकडेच नेते असे नाही. शस्त्रबंदी असलेल्या आवारात हल्लेखोराशिवाय सगळेच निःशस्त्र असतात, हा युक्तिवाद करणारे विद्यार्थीही त्याच कवायतींतून गेले आहेत. टेक्सासमध्ये १ ऑगस्ट २०१६ पासून सरकारी विद्यापीठांत परवानाधारकांना लपवून पिस्तूल नेण्याची मुभा मिळाली. तेव्हा परवान्यासाठी वयाची अट सर्वसाधारणपणे २१ वर्षे असल्याने बहुतेक पदवी-विद्यार्थी त्यात बसतच नव्हते, तरीही वाद प्रचंड पेटला. स्वतःला लागू न होणाऱ्या नियमावर माणूस इतक्या त्वेषाने भांडतो, तेव्हा तो आपल्या संस्कारांची बाजू लढवत असतो.

प्रतिसाद ३ (असहमत)
मग फ्लोरिडाचे काय? बंदुकीची परंपरा तिथेही जुनी आहे. तरीही १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेल्यावर विद्यार्थ्यांनी राजधानी टॅलाहासीला जाऊन आमदारांना जाब विचारला, आणि महिनाभराच्या आत रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांनी बंदूकखरेदीचे किमान वय २१ करणाऱ्या कायद्यावर सही केली. ज्या मुलांनी प्रौढांनाही आपली भूमिका बदलायला भाग पाडले, त्यांचे स्वतःचे मत मात्र आईवडिलांनीच ठरवून दिलेले होते, हे मी मानायला तयार नाही.