वसतिगृहात राहून बीएस्सी: इन्स्पायर, केंद्राची शिष्यवृत्ती आणि बाकीचे अर्ज कसे बसवायचे?

गोदाकाठ

भाचीने यंदा राज्य मंडळाची बारावी विज्ञान शाखेतून केली, ६०० पैकी ५४७. पुण्याच्या एका निवासी महाविद्यालयात बीएस्सीला प्रवेश झाला आहे, मुख्य विषय रसायनशास्त्र. खुला प्रवर्ग, घरची कोरडवाहू शेती, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला १ लाख ८० हजारांचा. शिकवणी शुल्क फार नाही, पण वसतिगृह आणि मेस मिळून आकडा मोठा होतो.

विचारायचे ते असे:
- इन्स्पायर आणि नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची केंद्राची शिष्यवृत्ती, दोन्हींना अर्ज करता येतो का?
- मंडळाकडून इन्स्पायरचे पात्रतापत्र (वरच्या एक टक्क्यात असल्याचे पत्र) आलेले नाही. त्यावाचून अर्ज अडतो का?
- मुलींना शंभर टक्के फी माफ झाली म्हणतात, ते बीएस्सीला लागू आहे का?
- पुढच्या वर्षांत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणखी काय मिळू शकते?

कागदपत्र_खिडकी

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्या भरवशावर बरेच पालक पैशांची जुळणी करतात आणि ऐन वेळी अडकतात. जुलै २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींसाठी आहे. नेहमीची बीएस्सी त्यात बसत नाही. तो पर्याय डोक्यातून काढून टाका.

आता इन्स्पायर. ही केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची योजना, २००८ पासूनची. वर्षाला १२,००० शिष्यवृत्त्या, प्रत्येकी ८०,००० रुपयांची. त्यातले ६०,००० विद्यार्थिनीच्या खात्यात येतात आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात, तेही प्रकल्प पूर्ण करून अहवाल दिल्यावर. जास्तीत जास्त पाच वर्षे, म्हणजे एमएस्सीपर्यंत चालू राहू शकते. उत्पन्नाची अट नाही. मंडळाच्या बारावीच्या निकालात वरच्या एक टक्क्यात असणे ही मुख्य अट. तो कटऑफ प्रत्येक मंडळाचा आणि प्रत्येक वर्षाचा वेगळा असतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आकड्यावरून भाचीचे होईल की नाही हे ठरवू नका.

पात्रतापत्र नसले तरी अर्ज करता येतो. गुण कटऑफच्या वर असले की पुरते. पत्र असेल तर जोडायचे, इतकेच त्याचे काम.

ज्या गोष्टींवर अर्ज खरोखर अडतात त्या वेगळ्याच आहेत.

पहिली म्हणजे विषय. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र, संख्याशास्त्र, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन असे मूलभूत आणि नैसर्गिक विज्ञानाचे १८ विषय यादीत आहेत. बायोटेक्नॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, आयटी नाहीत. रसायनशास्त्र आहे, तेव्हा भाचीला अडचण नाही. मात्र नव्या शैक्षणिक धोरणानंतर प्रवेशाच्या पावतीवर नुसते 'बीएस्सी' किंवा 'विज्ञान शाखा' छापलेले असते. महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रात मुख्य विषय स्पष्ट लिहून घ्या.

दुसरी म्हणजे ते प्रमाणपत्रच. इन्स्पायरच्या पोर्टलवर त्याचा ठरलेला नमुना आहे. तोच छापून त्यावर प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का हवा. विभागप्रमुखांची सही चालत नाही, नेहमीचे बोनाफाईड चालत नाही. शिक्का फोटोवर किंवा नावावर असा बसतो की मजकूर वाचता येत नाही, तेही टाळा. सुट्ट्यांच्या आधीच सही करून ठेवा, शेवटच्या आठवड्यात कार्यालयात गर्दी असते.

तिसरी, बारावी झाली त्याच वर्षी प्रवेश हवा. मध्ये एक वर्ष वैद्यकीयच्या 'नीट' परीक्षेसाठी थांबलेली मुले यात बाद होतात. आणि बीएस्सीला नाव घालून पुढच्या वर्षी वैद्यकीयला जायचे मनात असेल, तर शिष्यवृत्ती तिथेच थांबते, हे घरात आत्ताच बोलून घ्या.

मोजून_मापून

पहिल्या प्रश्नाबद्दल. पोर्टलवरची केंद्राची शिष्यवृत्ती म्हणजे महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांची केंद्रीय योजना, आता पीएम-यूएसपी नावाखाली. पदवीला वर्षाला १२,००० रुपये. अट: आपल्या मंडळात, आपल्या शाखेत उत्तीर्ण झालेल्यांमध्ये ८० पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे त्यातल्या ८० टक्के मुलांपेक्षा जास्त गुण), आणि कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दरवर्षी. त्या राज्याराज्यांत वाटल्या जातात, मग विज्ञान, वाणिज्य आणि कला यांत ३:२:१ अशा प्रमाणात. निम्म्या मुलींसाठी. म्हणून ८० पर्सेंटाइल ओलांडले म्हणजे मिळालीच असे नाही, यादी गुणानुक्रमे लागते. ९१ टक्क्यांवर भाचीला आशा धरायला हरकत नाही.

अर्ज दोन्हीकडे करा. लाभ मात्र एकाचाच घ्या. केंद्रीय योजनेच्या नियमात स्पष्ट आहे की दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती, राज्याची फी माफी किंवा फी परतावा घेत असलेला विद्यार्थी अपात्र. इन्स्पायरचे प्रस्तावपत्र आले की त्यातल्या अटी वाचून सही करायची आणि पोर्टलवरची सोडून द्यायची. ६०,००० आणि १२,००० मध्ये निवड करायला वेळ लागू नये. इन्स्पायर नाही मिळाली तर १२,००० हातात राहतात, म्हणून आधीच एक अर्ज गाळू नका.

नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी (ओटीआर) असते. ती आधार आणि मोबाइलवरच्या चेहरा पडताळणीने होते. ओटीआर क्रमांक जपून ठेवा, पुढच्या सगळ्या वर्षांना तोच लागतो. अर्ज भरला की काम संपत नाही: महाविद्यालयाच्या नोडल अधिकाऱ्याने (शिष्यवृत्तीचे काम बघणाऱ्याने) तो पडताळून पुढे पाठवावा लागतो. मुदतीत पुढे गेला नाही तर गुण कितीही असोत, अर्ज तिथेच राहतो. भरल्यावर आठवड्याने स्थिती बघा आणि 'संस्थेकडे प्रलंबित' दिसले तर छापील प्रत घेऊन कार्यालयात जा. वसतिगृहातल्या मुलींना हे सोपे जाते, कार्यालय आवारातच असते.

केंद्रीय योजनेच्या नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. इन्स्पायरला ६० टक्के किंवा १० पैकी ६ सीजीपीए, शिवाय दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका आणि प्राचार्यांच्या सहीचा प्रगती अहवाल दरवर्षी अपलोड करावा लागतो. विद्यापीठाचा निकाल उशिरा लागला की मुले हे विसरतात आणि वर्षाचे पैसे अडकतात.

आधार_सीडिंग

वरच्या दोघांनी नियम नीट सांगितले आहेत. मी फक्त बँकेबद्दल लिहितो, कारण मंजूर झालेले पैसे न येण्याचे कारण बहुतेक वेळा तिथेच असते.

खात्याला आधार 'लिंक' असणे आणि थेट लाभासाठी ते एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे) 'सीड', म्हणजे पैसे घेणारे खाते म्हणून नोंदलेले, असणे या दोन वेगळ्या गोष्टी. पैसे त्याच खात्यात जातात जे सगळ्यांत शेवटी सीड झाले. गावच्या बँकेत एक खाते, पुण्यात आल्यावर दुसरे, पोस्टाच्या पेमेंट बँकेचे तिसरे, असे असेल तर रक्कम भलत्याच खात्यात जाते आणि पालक 'आलीच नाही' म्हणत बसतात. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकून 'बँक सीडिंग स्थिती' बघा. तिथे बँकेचे नाव दिसते. हवे ते खाते नसेल तर शाखेत सीडिंगचा संमती अर्ज द्यावा लागतो.

शाळेत असताना उघडलेले खाते बऱ्याचदा 'छोटे खाते' असते. त्यात शिल्लक ५०,००० आणि वर्षभरातली एकूण जमा १ लाख अशी मर्यादा आहे, महिन्याला काढणे १०,००० पर्यंत. सरकारी अनुदानाच्या जमेला शिलकीच्या मर्यादेतून सूट आहे, पण काढण्याच्या मर्यादेमुळे सत्राचे वसतिगृह शुल्क एका वेळी भरता येत नाही. पूर्ण केवायसी करून ते साधे बचत खाते करून घ्या. अठरा पूर्ण झाल्यावर अज्ञान (अल्पवयीन) म्हणून उघडलेल्या खात्याचेही नव्याने कागद द्यावे लागतात.

नावाचे बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासबुकावर वडिलांचे नाव गायब. दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आधार, आणि आधारप्रमाणे बँक, या क्रमाने दुरुस्ती करा. उलट क्रमाने केली तर दोनदा करावी लागते.

गोदाकाठ

मनापासून आभार. भाचीच्या खोलीत नांदेडची एक मुलगी आहे, नवबौद्ध, उत्पन्न दोन लाखांच्या आत. तिने अजून काहीच भरलेले नाही. तिच्यासाठी हेच मार्ग का?

कागदपत्र_खिडकी

तिने आधी महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती भरावी. उत्पन्नमर्यादा अडीच लाख. शुल्काखेरीज निर्वाह भत्ता मिळतो. बीएस्सी तिसऱ्या गटात येते: वसतिगृहात राहणाऱ्यांना वर्षाला ६,०००, घरून येणाऱ्यांना ३,०००. अर्जात 'वसतिगृहवासी' हा रकाना चुकून रिकामा राहिला की निम्मा भत्ता जातो. रेक्टरच्या सहीचा दाखला, प्रवेशाच्या तारखेसह, जोडायचा. उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा हवा, ३१ मार्चला मुदत संपलेला चालत नाही. अर्ज परत आला तर त्रुटी दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो, म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून बघायला सांगा.

दुसरे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. शासकीय वसतिगृहासाठी पात्र असूनही प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. मॅट्रिकोत्तरमधला निर्वाह भत्ता त्यातून वजा होतो. शासकीय वसतिगृहाचा अर्ज आधी केलेला असावा, आणि ती आता महाविद्यालयाच्या वसतिगृहात असल्याने समाज कल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात जाऊन आपली केस आधी दाखवून घ्यावी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे.

दोघींच्याही घरच्यांना एक सांगा: यातले काहीही पहिल्या सत्राच्या मेस बिलाआधी हातात येत नाही. प्राचार्यांकडे वसतिगृह शुल्काच्या हप्त्यांचा लेखी अर्ज आत्ताच द्या, सोबत शिष्यवृत्तीच्या अर्जाची पोच जोडा.

प्रयोगवही

चौथा प्रश्न मागे पडला, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. विज्ञानाच्या मुलांना पैशाइतकीच प्रयोगशाळेची दारे उघडणे गरजेचे असते.

रसायनशास्त्र असेल तर पहिल्याच वर्षी बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राचा पीओसीई कार्यक्रम बघा. पहिल्या वर्षाच्या बीएस्सी विद्यार्थ्यांना घेतात, लागोपाठ तीन उन्हाळे काम करून पदविका मिळते. जीवशास्त्रासाठी त्याचाच पीओबीई आहे. दुसऱ्या वर्षी गेले तर उशीर होतो, आणि ही माहिती बहुतेकांना दुसऱ्या वर्षीच कळते.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा विज्ञान कार्यक्रम आहे, २००४ पासून, शिबिरे आणि पुढे निवडक मुलांना प्रकल्प. भौतिकशास्त्रवाल्यांना आयएपीटी या भौतिकशास्त्र शिक्षकांच्या संघटनेची एनजीपीई परीक्षा, गणितवाल्यांना माधव गणित स्पर्धा आणि एमटीटीएस या गणित प्रशिक्षण कार्यक्रमाची उन्हाळी शिबिरे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे, दोन महिन्यांची. तिला प्राध्यापकांचे शिफारसपत्र आणि स्वतः लिहिलेले टिपण लागते. 'मला संशोधनाची आवड आहे' असे टिपण कुणी वाचत नाही. प्रात्यक्षिकात कोणती राशी मोजली, त्रुटी कुठून आली, पुढे काय मोजायचे आहे, असे लिहावे.

इन्स्पायर मिळाली तर उन्हाळी प्रकल्पाचा मार्गदर्शक डिसेंबर-जानेवारीतच शोधा. तो प्रत्यक्ष संशोधन करणारा हवा. पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर या संशोधन संस्था असल्याने रसायनशास्त्राला जागा आहे, पण एप्रिलमध्ये ईमेल पाठवून उत्तर येत नाही. प्रमाणपत्र आणि अहवाल पोर्टलवरच्या नमुन्यातच घ्या. संस्थेच्या लेटरहेडवरचे साधे अनुभवपत्र चालत नाही, आणि मार्गदर्शक परदेशी गेले की सहीसाठी महिने जातात.

महाविद्यालयाची स्वतःची पारितोषिकेही विचारा. जुन्या देणगीदारांच्या ठेवींच्या व्याजातून ती दिली जातात, म्हणून रक्कम लहान असते. पण रसायनशास्त्रात पहिली, विद्यार्थिनींमध्ये पहिली, ग्रामीण भागातून आलेली अशा अटींवरची नावे पुढे एमएस्सी आणि पीएचडीच्या अर्जात उपयोगी पडतात. काही निकालावरून आपोआप मिळतात, काहींना अर्ज लागतो आणि त्याची सूचना फक्त कार्यालयाच्या फलकावर लागते. परीक्षा विभागातल्या लिपिकाकडून पूर्ण यादी मागून घ्या. अर्जच न आल्यामुळे एखादे पारितोषिक त्या वर्षी दिलेच जात नाही, असेही होते.

गोदाकाठ

पीओसीईचे ठाऊकच नव्हते, आज रात्री भाचीला फोन करतो. सीडिंगची स्थिती आत्ताच बघितली, गावच्या ग्रामीण बँकेचे नाव दिसते आहे. तेच खाते ठेवावे की पुण्यात नवे काढावे?

आधार_सीडिंग

चालू असेल आणि केवायसी पूर्ण असेल तर तेच ठेवा. त्याचे एटीएम कार्ड आणि भाचीचाच मोबाइल क्रमांक जोडून घ्या. अपवाद एकच: इन्स्पायरच्या प्रस्तावपत्रात विशिष्ट बँकेचे खाते मागितले असेल तर ते उघडा आणि मग आणखी कुठे सीडिंगच्या अर्जावर सही करू नका.