मदत हवी आहे: जुन्या छापील चित्रावर भरतकाम

नमस्कार ताई-दादांनो, मी अमळनेरची. आजीच्या देवघरातलं रविवर्मा प्रेसचं लक्ष्मीचं चित्र आहे. कागद पार ठिसूळ झालाय, त्याला सुई लावायची नाही. पूर्वी अशाच चित्रांवर जरतार, टिकल्या शिवून देवीला खरी साडी नेसवायचे. किती देखणं दिसायचं ते! मला तसंच करायचंय, पण काठाला आपल्या चाळीसगावकडच्या तांड्यांवरचं आरसे-कवड्यांचं लमाणी (बंजारा) भरतकाम.

चित्र स्कॅन करून सुती कापडावर छापून घेतलंय. चेहरा, हात तसेच ठेवून फक्त साडी आणि कमळं भरणार. सहापदरी दोऱ्यातले दोन पदर घेऊन साखळी टाका घातला, तर साडीच्या पदराच्या बारीक चुण्याच बुजतात. दोऱ्याच्या एकाच पदराने उलटी टीप घालू का? आरशांच्या वजनाने कापड ओढलं जातं, मागे बुकरम (कडक अस्तर) लावू की मांजरपाट (साधं सुती कापड)? जळगाव-धुळ्यात धुतल्यावर न पसरणारी छपाई कुठे होते?