अन्ननलिकेचा कर्करोग: शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी आणि रेडिएशन कशासाठी?

प्रश्न
माझ्या वडिलांचे वय ६४ असून भाकरीचा घास छातीत अडकू लागल्याने त्यांची एन्डोस्कोपी केली. अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ आढळली आणि बायोप्सीत (गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत) स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचे, म्हणजे अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरातील पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाचे, निदान झाले. पेट-सीटीनुसार (कर्करोग शरीरात कुठवर पसरला आहे हे दाखवणाऱ्या स्कॅननुसार) आजार जवळच्या लसिकाग्रंथींत आहे, दूर पसरलेला नाही. डॉक्टरांनी आधी केमोथेरपी व रेडिएशन आणि मग शस्त्रक्रिया सुचवली आहे. गाठ काढता येण्याजोगी असताना थांबायचे कशासाठी, आणि तेवढ्यात आजार वाढणार नाही का?

प्रतिसाद १
केमोथेरपी आणि रेडिएशन सुरू होताच उपचार सुरू झाला, म्हणून याला थांबणे समजू नये. अन्ननलिकेला सभोवती पक्के आवरण नसते, त्यामुळे गाठ लवकर आजूबाजूच्या भागात शिरते आणि थेट शस्त्रक्रियेत कडेला कर्कपेशी राहून जाण्याचा धोका असतो. नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ चाचणीत पाच आठवडे दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ही केमोथेरपीची औषधे आणि सोबत एकूण ४१.४ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचे एकक) रेडिएशन देऊन नंतर शस्त्रक्रिया केली गेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निम्मे रुग्ण किमान जितका काळ जगले तो कालावधी केवळ शस्त्रक्रियेच्या गटात २४ महिने, तर आधी केमोथेरपी व रेडिएशन दिलेल्या गटात सुमारे ४९ महिने होता. स्क्वॅमस प्रकारात तर जवळपास निम्म्या रुग्णांच्या काढलेल्या भागात जिवंत कर्कपेशी सापडल्या नाहीत.

प्रतिसाद २
माझ्या काकांचे उपचार याच क्रमाने झाले. माझी कळकळीची विनंती आहे की वडिलांच्या वजनाकडे आजपासूनच लक्ष द्या. नुसती पेज आणि नारळपाणी यांवर भागत नाही; प्रथिने पोटात गेलीच पाहिजेत, आणि गिळणे फारच अवघड झाले तर नाकातून नळी घालण्यास नकार देऊ नका. तंबाखू किंवा मिश्री असल्यास ती आजच बंद करा आणि श्वसनाचे व्यायाम सुरू करा, कारण या शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनियाचा धोका मोठा असतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. रेडिएशननंतर गाठ दिसेनाशी झाली, तरी शस्त्रक्रिया लागेल का?

प्रतिसाद १
बहुधा तसाच सल्ला मिळेल. नेदरलँड्समध्येच झालेल्या ‘सानो’ चाचणीत अशा रुग्णांची वारंवार एन्डोस्कोपी, बायोप्सी आणि पेट-सीटी करून, आजार पुन्हा आढळला तरच शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग तपासला गेला आणि दोन वर्षांच्या जगण्यात तो लगेच शस्त्रक्रिया करण्यापेक्षा कमी ठरला नाही. मात्र ठरलेल्या तारखांना तपासणी चुकवून चालत नाही, म्हणून आपल्या रुग्णालयात तशी सोय आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.