रात्री दचकून उठते तेव्हा
एका ताईंनी विचारलंय, लैंगिक अत्याचार झालेली धाकटी बहीण रात्री दचकून उठते आणि जवळ घेतलं की ढकलते, मग करायचं काय. ताई, ती तुम्हाला नाही ढकलत. अर्धवट झोपेत शरीराला तो स्पर्श त्या वेळचाच वाटतो. आधी दिवा लावा. पलंगापासून दोन हात लांब, तिला दिसाल असं बसा, पण दाराची वाट अडवू नका. हळू आवाजात नाव घेऊन सांगा, "तू कोथरूडला घरी आहेस, मी ताई आहे, दार लावलंय." पाय गार फरशीवर टेकवायला सांगा. "जवळ येऊ का?" विचारा, आणि नाही म्हणाली तर खरंच थांबा. "दीर्घ श्वास घे" सगळ्यांना मानवत नाही, काहींची घुसमट वाढते. त्यापेक्षा खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा.

काय घडलं ते खोदून विचारू नका. तिला न विचारता आत्या-मावशीलाही सांगू नका, हे फार महत्त्वाचं.

घटना ताजी असेल तर मात्र थांबू नका: एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, मग 28 दिवस घ्यायची. पुण्यातल्या ससूनसारख्या सरकारी रुग्णालयालाच काय, खासगी रुग्णालयालाही कायद्याने हे उपचार मोफतच द्यावे लागतात. रात्री-अपरात्री बोलायला सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली-मानस 14416, मराठीतही बोलतात.