मर्ज वापरणं आता सोडूनच द्यावं का?

रकानेवाला:
आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत दोन टेबलं जोडत होतो. एकात रुग्ण, दुसऱ्यात त्यांच्या भेटी. रुग्णक्रमांक दोन्हींत होता, आणि दुर्दैवाने ‘तारीख’ही दोन्हींत होती: इकडे नोंदणीची, तिकडे भेटीची. मी घाईत टेबलं जोडणारं फंक्शन वापरून नुसतं मर्ज(रुग्ण, भेटी) लिहिलं. कुठल्या रकान्यावरून जुळवायचं ते सांगणारं ‘बाय’ दिलं नाही की मर्ज सारख्या नावाचे सगळे रकाने जुळवतं. त्यामुळे ज्या भेटी नोंदणीच्याच दिवशी झाल्या तेवढ्याच उरल्या, बाकीच्या गायब. ना एरर, ना वॉर्निंग. दोन दिवस त्या टेबलावर सरासऱ्या काढत बसलो होतो! माझं स्पष्ट मत: नवशिक्यांना मर्ज शिकवूच नये, थेट डीप्लायर या आरच्या जादा पॅकेजमधलं लेफ्ट_जॉइन शिकवावं.

जुनं खोड:
चूक तुमची आणि फाशी मर्जला? बाय नसलं तर लेफ्ट_जॉइनही सारख्या नावाचे सगळे रकाने जुळवतं. फक्त कुठले रकाने जुळवले त्याचा मेसेज छापतं. स्क्रिप्ट रात्री आपोआप चालते तेव्हा तो मेसेज वाचायला कोण जागं असतं? मर्जला वेगळं पॅकेज लागत नाही. माझ्या कित्येक वर्षांपूर्वीच्या स्क्रिप्ट अजून बिनतक्रार चालतात.

रकानेवाला:
निदान मेसेज तरी येतो. शिवाय न जुळलेल्या ओळी मर्ज गुपचूप टाकून देतं, कारण सगळ्या ओळी ठेवायला सांगणारं ‘ऑल’ मुळातच फॉल्स, म्हणजे बंद. वर जुळणीच्या रकान्यानुसार ओळींचा क्रमही बदलतं. मग जुन्या क्रमातला एखादा व्हेक्टर (आकड्यांची सुटी यादी) शेजारी चिकटवला की एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर.

तिसरी घंटा:
दोघेही फंक्शनवरून भांडताय, खरी गोम ‘की’मध्ये, म्हणजे ज्यावरून जुळवता त्या रकान्यात आहे. एकच क्रमांक एका टेबलात ३ वेळा आणि दुसऱ्यात ४ वेळा असेल, तर जोडल्यावर १२ ओळी होतात. मर्ज यावर अवाक्षर काढत नाही. स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरात आधीच सांगावं लागतं, नातं १:१ (एकास एक) आहे की एम:१ (अनेकांस एक), आणि खोटं निघालं तर गाडी तिथेच थांबते. पायथनच्या पांडाज लायब्ररीत अशाच तपासणीसाठी ‘व्हॅलिडेट’ आहे, पण मागितलं तरच. डीप्लायर २०२३ पासून अनेकास-अनेक जुळणीवर वॉर्निंग देतं. पण डावीकडच्या एका ओळीला उजवीकडे ४ जोड्या मिळाल्या तर तेही गप्प, नातं सांगणारं ‘रिलेशनशिप’ तुम्ही स्वतः लिहीपर्यंत.

(जाता जाता: रिकामा क्रमांक रिकाम्या क्रमांकाशी मर्ज आणि डीप्लायर दोघंही खुशाल जुळवतात. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत तसं जुळत नाही, म्हणून तिथून आलेल्यांना हा धक्का ठरलेला.)

जुनं खोड:
त्यासाठी स्टाटा कशाला? जोडण्याआधी एनीडुप्लिकेटेड (क्रमांक दुबार आहे का ते बघायला), आधी आणि नंतर एनरो (ओळी मोजायला). दोन ओळींचं काम. पहारा माझा मी देतो, फंक्शनने देऊ नये.

तिसरी घंटा:
तुम्ही देता हो. नवीन आलेली व्यक्ती पहिल्याच आठवड्यात एनीडुप्लिकेटेड लिहिते का? जो नियम लक्षात ठेवावा लागतो, तो शुक्रवारी संध्याकाळी हमखास विसरला जातो.

रकानेवाला:
बाय लिहायची सवय लावून घेतली, तेवढं मान्य. पण मर्जकडे परत जाणार नाही. आज लेफ्ट_जॉइनला बाय दिलं, ओळी बरोबर आल्या.

जुनं खोड:
अभिनंदन. म्हणजे आता ‘तारीख.एक्स’ आणि ‘तारीख.वाय’ असे दोन रकाने झाले असणार. सरासरी कुठल्या तारखेवरून काढलीत?

रकानेवाला:
थांबा. बघतो.