माकडताप जंगलतोडीने येत नाही म्हणे!

पातेरा: काल इथे कोणीतरी ठोकून दिलं की माकडताप, म्हणजे गोचीड चावून माणसाला होणारा विषाणूचा ताप, कर्नाटकातून आला, जंगलतोडीशी त्याचा संबंध जोडणं हा मुंबईतल्या पर्यावरणवाद्यांचा धंदा आहे. वर शाबासक्याही घेतल्या. मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गचा, म्हणून गप्प बसवत नाही. विषाणू १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, हे कोण नाकारतंय? प्रश्न असा की २०१६ मध्ये आमच्याकडे त्याला एवढं रान मोकळं कसं मिळालं. डोंगरच्या डोंगर साफ करून रबर लावलं. उरलेल्या पट्ट्यांत केलडी (लाल तोंडाची माकडं) आणि वानर दाटले, गुरंही त्याच कडेला चरणार. गोचिडीला आणखी काय हवं? माकड मेलं की ती खाली उतरते आणि पातेऱ्यात, म्हणजे पडलेल्या सुक्या पानांत बसते. काजूबी वेचणारी बाई वाकते तिथेच.

बागायतदार: रबरवाले केरळचे, म्हणून त्यांना शिव्या. आणि काजू? १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लावल्या तेव्हा डोंगर कोणी भाजले? तुझ्याच बापजाद्यांनी. अनुदान घेताना जंगल आठवलं नाही ते! झाडं तोडून ताप येतो तर देवगडच्या कातळावर घरोघरी यायला हवा होता.

पातेरा: बापजाद्यांवर जाऊ नको. कातळावर रान नाही, मग माकडं नि गोचीड येणार कुठून? धोका असतो तो रान, गुरं आणि माणूस एकत्र येतात तिथे. काजूची कडही त्यातच आली. ती वगळा असं मी कधी म्हटलं?

माडाखालचो: ता सगळा ऱ्हवांदे. वांदरांचा काय ता आधी सांगा. ह्या वर्सा माडार एक शहाळा गावाक नाय. भरपाईचो अर्ज केलंय. पंचनामो करूक येतले तवसर वांदर थांबान ऱ्हवतले?

सड्यावरचा: नसबंदी करा, हिमाचलात करतात तशी.

बागायतदार: नसबंदी कसली, गोळ्या घाला. शनिवारी मारुतीला नारळ फोडणारेच आडवे येतात.

पातेरा: घाला गोळ्या. मेलेलं वांदर बागेत टाका आणि त्याच्यावरची गोचीड घरी घेऊन जा. अहो, माकड मरणं हाच पहिला इशारा असतो. कळवायचं सोडून लोक नाक दाबून पुढे जातात.

सड्यावरचा: कळवलं होतं. चार दिवसांनी माणूस आला, तोवर कुत्र्यांनी काही ठेवलं नव्हतं.

वाडीतली: तुमचं वांदरपुराण संपलं असेल तर बोलते. माझ्या जावेला ताप आला, डोळे लाल, कंबर धरलेली. इकडच्या दवाखान्यात मलेरिया समजून गोळ्या दिल्या. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा गोव्याला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. या तापावर वेगळं औषध नाही, सलाईन लावून बघत बसायचं. वाचली. ती रबरात कधी गेलीच नव्हती. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेतात जाळायला, पातेरा आणायला गेली होती.

बागायतदार: ऐका! रबरात गेली नव्हती.

पातेरा: पातेरा आमच्या आज्याही आणायच्या. त्यांना का नाही झाला हा ताप?

बागायतदार: झाला असेल. तेव्हा रक्त तपासायचं कोण? 'ताप आला नि गेली' एवढंच म्हणायचे.

पातेरा: वा, तपासणीचा मुद्दा बिनतोड, पानसुपारी पाठवू का? पण माकडं पटापट मरून पडलेली दिसायला प्रयोगशाळा लागत नाही. तसं घडलेलं आमच्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही आठवत नाही.

बागायतदार: बरं बाबा. नवीन रबर नको, एवढं घे पदरात. काजूला हात लावशील तर याद राख.

वाडीतली: काजूला कोण हात लावतंय? गोचीड चावू नये म्हणून हातापायांना लावायचं डीएमपी तेल कोणाकडे शिल्लक आहे का ते सांगा. वाटप हंगाम संपताना होतं आणि मला उद्यापासून बी वेचायचीय.

माडाखालचो: माझ्याकडे एक बाटली आसा, घेवन जावा. पण वांदरांचा उत्तर अजून कोणी दिलेला नाय.